यंत्र, वादक आणि राग : चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेतील ध्वनिसाधनांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : ध्वनिमुद्रिका, सिंथेसायझर, बेस गिटार, चित्रपटसंगीत, रागसंगीत, वादकांचे श्रम

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना गायक, रचनाकार, घराणी आणि आश्रयदाते यांचा विचार प्राधान्याने केला जातो. ज्या साधनांतून प्रत्यक्ष ध्वनी निर्माण झाला ती वाद्ये, ध्वनिवर्धक आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे यांना मात्र बहुधा तळटीपेत जागा मिळते. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या, विशेषतः हेवी मेटल या प्रकाराच्या अभ्यासात ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघालेली आहे. ‘ब्लॅक सबाथ’ या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिचे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडन येथे जवळजवळ एका दिवसात उरकण्यात आले होते. तिच्यातील गिटारच्या जड, काळोख्या ध्वनीचा शोध घेणारा अभ्यासक प्रथम एका पत्र्याच्या कारखान्यात पोहोचतो. टोनी आयोमी हा डावखुरा गिटारवादक त्या कारखान्यात कामगार होता आणि तेथील यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके गेली होती. बोटांवर प्लास्टिक वितळवून केलेल्या टोप्या चढवून, बँजोच्या बारीक तारा गिटारला लावून तो वाजवू लागला. पुढे १९७१ पासून त्याने ताराही उतरवून घेतल्या, कारण सैल तार दुखऱ्या बोटाला सोसवते. गिब्सन कंपनीची एसजी गिटार आणि बर्मिंगहॅममध्येच तयार होणारे लेनी कंपनीचे १०० वॅटचे ध्वनिवर्धक या जोडीने त्या ध्वनीला घनता दिली. सारांश, ज्याला श्रोते शैली म्हणतात तिच्या मुळाशी कारखाना, जखम आणि स्थानिक उद्योग होते.

भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत असा शोध क्वचितच घेतला गेला आहे. प्रस्तुत निबंधात मुंबईत १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेचा त्या दृष्टीने विचार केला आहे. चरणजित सिंग (१९४०-२०१५) या चित्रपटसृष्टीतील वादकाने तीन जपानी यंत्रांच्या साहाय्याने दहा राग वाजवून ही मुद्रिका सिद्ध केली व ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती प्रसिद्ध केली. आज तिची ख्याती जगभर आहे. परंतु ती ख्याती ज्या कारणासाठी आहे ते कारण इतिहासाच्या कसोटीवर अपुरे ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मुंबईची ध्वनिमुद्रणगृहे आणि वादकवर्ग

१९५० ते १९८० या काळातील हिंदी चित्रपटगीत हे प्रामुख्याने सामूहिक श्रमाचे फळ होते. गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रणगृहात उपस्थित असत. एका वादकाची चूक झाली तर संपूर्ण गीत पुन्हा घ्यावे लागे. मोठ्या गीतांसाठी पन्नास-साठ, प्रसंगी त्याहून अधिक वादक बसत. पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारे गोमंतकीय व्हायोलिनवादक व संयोजक, पारशी वादक, पंजाबी आणि बंगाली कलावंत, तसेच तालवाद्यांवरील मराठी मंडळी असा हा संमिश्र वर्ग होता. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक, दत्ताराम वाडकर यांच्यासारखे तालसंयोजक, अनिल मोहिले व अरुण पौडवाल यांच्यासारखे वादक-संयोजक यांची नावे जाणकारांना ठाऊक होती, सामान्य श्रोत्यांना नव्हे. ढोलकीवरील एका विशिष्ट ठेक्याला वादकांनी ‘दत्ताराम ठेका’ असे नावच देऊन टाकले होते. तबकडीच्या वेष्टनावर मात्र चित्रपट, संगीतकार, गीतकार आणि गायक एवढेच छापले जाई.

या व्यवस्थेत विद्युत वाद्यांचा प्रवेश १९८२ च्या बराच आधी झालेला होता. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा सुप्रसिद्ध आवाज हा पुंगीचा नव्हताच. हेमंतकुमार यांच्या संगीतनियोजनाखाली कल्याणजी यांनी तो क्लॅव्हिओलिन या विद्युत वाद्यावर, रवी यांच्या हार्मोनियमच्या साथीने निर्माण केला होता. म्हणजे ज्या ध्वनीला देशभरातील श्रोते अस्सल ग्रामीण समजत होते, तो युरोपीय बनावटीच्या निर्वात नलिकांतून उमटत होता. पुढे विद्युत गिटार, विद्युत ऑर्गन आणि केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी आणलेले सिंथेसायझर यांनी हा पल्ला वाढविला.

चरणजित सिंग हे याच परंपरेतील होत. ते गिटार, विशेषतः बेस गिटार वाजवीत आणि निरनिराळ्या विद्युत कळफलकांवरही त्यांचा हात होता. शंकर-जयकिशन, सचिन देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुल देव बर्मन अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ या गीतातील ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विद्युत अकॉर्डियनचा, धुकट आवाज त्यांचा. चित्रपटगीतांच्या वाद्यधुनांच्या तबकड्याही त्यांच्या नावावर निघाल्या होत्या. चित्रपटसंगीतात बेस गिटारचे कार्य पायाभरणीचे असते. ती नसली तर गीत पोकळ वाटते. असली तर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

तीन यंत्रे

१९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील बिद्दू यांचे, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले गीत आणि १९८१ ची ‘डिस्को दीवाने’ ही नाझिया हसन यांची ध्वनिमुद्रिका यांमुळे डिस्कोची लाट भारतात सर्वदूर पसरली. डिसेंबर १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ प्रदर्शित झाला. या लाटेतच राहून काही वेगळे करावे, तबल्याऐवजी डिस्कोचा ठेका घेऊन राग वाजवावेत, अशी चरणजित सिंग यांची कल्पना होती, हे त्यांनी उत्तरायुष्यात दिलेल्या मुलाखतींवरून स्पष्ट होते. त्यासाठी लागणारी यंत्रे त्यांनी सिंगापूर येथे विकत घेतली. आयात परवाने आणि जबर जकात यांच्या त्या काळात वादकाला परदेशी यंत्र मिळविण्याचा हाच मार्ग व्यवहार्य होता. यंत्रे रोलँड या जपानी कंपनीची होती : ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३.

टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० ते १९८३ या काळात सुमारे १२,००० नगांपुरते तयार झाले. त्यातील ढोल, झांज, टाळी यांचे आवाज ध्वनिमुद्रित नव्हते. विद्युत मंडलांतून ते प्रत्येक वेळी नव्याने घडविले जात, त्यामुळे खऱ्या तालवाद्यांशी त्यांचे साम्य बेताचेच होते. तळाशी सोळा कळांची ओळ असे आणि कोणत्या कळेवर कोणता आघात पडावा हे वादकाने ठरवून दिले की यंत्र ते आवर्तन अखंड फिरवीत राही. सोळा कळा पाहून त्रितालाच्या सोळा मात्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु हे साम्य वरवरचे होय. येथील सोळा भाग हे चार ठोक्यांचे पाव पाव तुकडे असतात. त्यांत टाळी-खालीचा भेद नसतो, आणि ज्या समेची गायक व श्रोते दोघेही वाट पाहतात ती समही नसते. डिस्कोत प्रत्येक ठोका सारखाच वजनदार असतो. म्हणून या मुद्रिकेतील राग तालाच्या अंगाने पाहिले तर पूर्णतः परक्या भूमीवर उभे आहेत.

ज्युपिटर-८ हा १९८१ चा सिंथेसायझर. एकाच वेळी आठ स्वर धरू शकणारा, एकसष्ट पट्ट्यांचा आणि अत्यंत महाग. रागाचा विस्तार चरणजित सिंग यांनी हाताने वाजविला तो याच वाद्यावर. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यात असल्याने मींडेचा आभास निर्माण करता येत असे. शिवाय दाबून धरलेले स्वर ओळीने सुटे वाजविणारी यंत्रणा त्यात होती व ती तालयंत्राच्या स्पंदनांशी बांधून घेता येई. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारी मिडी ही प्रमाणित पद्धत १९८३ मध्ये आली. तोवर अशी जोडणी ज्या त्या यंत्राच्या तारा व खाचा ओळखूनच करावी लागे. वाद्य लावणे या शब्दप्रयोगाचा अर्थ येथे बदललेला दिसतो.

तिसरे यंत्र सर्वांत लहान आणि या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. टीबी-३०३ हे १९८१ मध्ये बाजारात आले. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने त्याची रचना केली होती. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, साथीदार नसला तरी अडू नये, हा त्याचा उद्देश होता. आत एकच ध्वनिजनक, त्याच्या करवती किंवा चौकोनी अशा दोन लहरी, आणि वरच्या कंप्रता अडवून खालच्या तेवढ्या जाऊ देणारी गाळणी. बाहेर सहा लहान खुंट्या. स्वरांची ओळ भरण्याची पद्धत विचित्र होती. आधी सर्व स्वर भरावयाचे, मग त्यांचा काळ वेगळा भरावयाचा, मग कोठे आघात व कोठे घसरण हवी ते सांगावयाचे. मनातील चाल बाहेर येता येता निराळीच होऊन बसे. बेस गिटारचा आवाज म्हणून ते यंत्र कोणालाच पटले नाही. सुमारे १०,००० नग तयार करून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले. गाळणीची खुंटी फिरविली असता निघणारा चिकट, पाझरता, कधी किंचाळणारा आवाज हा कंपनीच्या हिशेबात नसलेला गुण होता.

गिटार आणि या यंत्रांतील एक भेद येथे नोंदविणे आवश्यक आहे. विद्युत गिटारचा ध्वनी ध्वनिवर्धकातून कर्ण्यावाटे खोलीत पसरतो आणि मग ध्वनिग्राहकाने टिपला जातो; त्यात खोलीचा, अंतराचा, वादकाच्या हालचालीचा अंश मिसळलेला असतो. ब्लॅक सबाथच्या मुद्रिकेतील ध्वनीचा दरारा बराचसा या हवेतून आलेला आहे. वरील यंत्रांना मात्र खोलीची गरज नव्हती. तारेने ती थेट मुद्रणयंत्राला जोडता येत. मुंबईच्या प्रचंड ध्वनिमुद्रणगृहांची रचनाच मुळी अनेक माणसे एका छताखाली बसविण्यासाठी झालेली होती. त्या माणसांबरोबर छपराचीही गरज संपत चालल्याची ही नांदी होती.

राग आणि बारा पट्ट्या

मुद्रिकेतील रागांत ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी यांचा समावेश आहे. प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे मिळाली आहेत. अभिजात संगीताच्या जाणकाराला ही निवड पाहताच तिच्यामागील व्यवहारज्ञान जाणवावे. भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे औडव, म्हणजे पाच स्वरांचे राग आहेत. फिरत्या आवर्तनात बसविण्यास ते सोयीचे. उलट बेसच्या ओळीची अडचणही याच यादीत आहे. पाश्चात्त्य धर्तीची बेस ओळ षड्ज-पंचमाच्या आधाराने चालते, तर मालकंस आणि ललत यांत पंचम वर्ज्य. चित्रपटगीतात अशा वेळी पंचम खपून जातो. राग म्हणून नाव दिल्यावर तो खपत नाही. यंत्रात स्वर एकेक करून भरणाऱ्या माणसाला हा निर्णय प्रत्येक रागात जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

बारा स्थिर पट्ट्यांवर राग वाजवावा काय, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडविण्याचा खटाटोप केला, तो याच असमाधानातून. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. दुसरीकडे मराठी संगीत रंगभूमीने त्याच पेटीला जवळ केले आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. तोडीतील अतिकोमल गंधार ज्युपिटर-८ वरही मिळत नाही, हे मान्य करावेच लागते. परंतु पेटीवर घेतलेला मुख्य आक्षेप मींडेचा होता, आणि ती उणीव या यंत्रांनी काही अंशी दूर केली. गंमत अशी की, ज्या स्वल्पमोली टीबी-३०३ ला बेस गिटारची नक्कलही नीट साधली नाही, त्याला स्वरावरून स्वरावर घसरणे उत्तम साधत होते.

तथापि या मुद्रिकेला रागसंगीताचा आविष्कार म्हणणे धाडसाचे ठरेल. आलापाचा संथ विस्तार येथे नाही, तालाशी संवाद नाही. ही रागांच्या चलनांची कुशल वाद्यधुन आहे आणि चरणजित सिंग यांनीही त्याहून मोठा दावा केलेला आढळत नाही. तत्कालीन ग्राहकाला ती धड डिस्को वाटली नाही, धड शास्त्रीय वाटली नाही. तिचा खप जेमतेम झाला व ती विस्मृतीत गेली.

शिकागोचा प्रश्न

अमेरिकेतील शिकागो येथे फ्यूचर या त्रयीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्पादन बंद पडल्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलेले टीबी-३०३ हेच तिचे मुख्य वाद्य होते आणि तिच्यापासून ‘ॲसिड हाऊस’ या नृत्यसंगीताच्या प्रकाराचा आरंभ मानला जातो. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका दुकानात चरणजित सिंग यांची तबकडी मिळाली आणि २०१० मध्ये त्यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने ती पुनःप्रकाशित केली. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हाच ठेका, हेच यंत्र, हाच आवाज! पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. काहींनी तर ही मुद्रिका बनावट असून एखाद्या युरोपीय संगीतकाराने केलेली थट्टा असावी, अशी शंका घेतली.

शंकेचे निरसन इतिहासाच्या नेहमीच्या साधनांनी होते. मूळ कंपनीच्या जुन्या प्रती उपलब्ध होत्या, वादक हयात होता व यंत्रांची निर्मितीवर्षे ध्वनिमुद्रणाच्या वर्षाशी जुळत होती. वादाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे. ‘ॲसिड हाऊसचा जनक मुंबईकर’ हा मथळा आपल्याकडील वृत्तपत्रांनाही आवडला. परंतु शिकागोच्या वादकांनी ही तबकडी ऐकली होती असे दर्शविणारा पुरावा नाही, आणि चरणजित सिंग यांना तो प्रकार त्या नावाने माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच यंत्राने दोन ठिकाणी सारखे आवाज काढले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. पूर्वसूरी शोधण्याच्या हौसेपायी ही मुद्रिका मुंबईच्या इतिहासातून उचलून शिकागोच्या प्रस्तावनेत नेऊन बसविली गेली. तिथे ती एक चमत्कार ठरते. मुंबईत ठेवली तर ती एका संक्रमणाचा दस्तऐवज ठरते.

ते संक्रमण श्रमाचे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांपैकी असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. या संपाचा आणि प्रस्तुत ध्वनिमुद्रणाचा कार्यकारणसंबंध जोडणे चुकीचे होईल. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, समूहाने करावयाच्या कामाची घडी दोन अगदी भिन्न ठिकाणी विसकटू लागली होती, याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने डोळेझाक करू नये. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांचा वापर झपाट्याने वाढला. बहुपथी मुद्रणामुळे वादकांना एकत्र बसविण्याचे कारण उरले नाही. १९९२ च्या ‘रोजा’ नंतर लहान, खासगी, यंत्रसज्ज ध्वनिमुद्रणगृह हीच प्रतिष्ठेची जागा झाली. संगीताचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वादकवर्गाच्या मुलाखतींतून मोठ्या वाद्यवृंदांचा उदय व अस्त नोंदविलेला आहे. हा बदल मुंबईपुरता राहिला नाही. विदर्भातील गणेशोत्सवांत व लग्नसमारंभांत गाणाऱ्या ऑर्केस्ट्रांतूनही अकॉर्डियन, व्हायोलिन, बोंगो मागे पडले आणि एक कळफलक व एक ऑक्टोपॅड यांवर सारा डोलारा उभा राहू लागला. सीताबर्डीच्या बाजारातून कॅसेट घेऊन जाणाऱ्या श्रोत्याला ढोलकी खरी की यंत्रातली, हे विचारण्याचे कारण पडत नव्हते.

या पार्श्वभूमीवर टीबी-३०३ चा मूळ हेतू पुन्हा आठवावा. ते बेस गिटारवादकाची जागा घेण्यासाठी तयार झाले होते, आणि मुंबईत ते विकत आणणारा मनुष्य स्वतः बेस गिटारवादक होता. त्याने यंत्राचा धिक्कार केला नाही किंवा त्याच्यापुढे शरणागतीही पत्करली नाही. आपले जुने काम यंत्राकडे सोपवून तो वरच्या पट्ट्यांवर राग वाजविण्यास मोकळा झाला. ज्याच्यापाशी भांडवल आणि कळफलकाचे कौशल्य होते त्याला हे शक्य झाले. व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला ते शक्य नव्हते. यंत्र सर्वांना सारखे उपलब्ध नसते, हा भेद तांत्रिक प्रगतीच्या गौरवगाथांत सहसा निसटतो.

२०१० नंतर चरणजित सिंग यांना भारतात आणि युरोपात मंचावर निमंत्रणे येऊ लागली. सत्तरी गाठलेल्या या वादकाने तेच राग त्याच जातीच्या यंत्रांवर तरुण श्रोत्यांसमोर पुन्हा वाजविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अनेक वर्षे त्यांनी असंख्य गीतांत बेस गिटार वाजविली, त्या तबकड्यांच्या वेष्टनांवर त्यांचे नाव नाही. १९८२ च्या या वेष्टनावर ते मोठ्या अक्षरांत आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तेथे दुसरा वादक नव्हता.